करपलेल्या भाकरीला सोन्याचा वर्ख

"बेसन येते का करता?" बाईंनी मला पहिलाच प्रश्न विचारला.

बँकेनं माझी बदली जयपूरला केली होती आणि मी मानसरोवरमध्ये भाड्यानं खोली शोधत होते. घरमालकीण मराठी आहे, एवढ्याच आशेवर या घराची बेल वाजवली होती. लग्न झालंय का, जेवणात काय खाता, पाहुणे किती येतात, या सगळ्याची उत्तरं मी पाठ करून आले होते. बेसनाचं उत्तर पाठ नव्हतं. मी साताऱ्याकडची, आमच्याकडे बेसन म्हणजे डाळीचं पीठ. बाई अमरावतीच्या, त्यांच्याकडे बेसन म्हणजे पिठलं. माझा गोंधळ त्यांच्या लक्षात आला आणि त्यांनी हवेत पळी फिरवून दाखवली.

"पिठलं होय! येतं की. छान येतं," मी म्हटलं.

बाईंचा चेहरा पडला. "गुठळ्या नाही होत?"

"नाही." मग खोली हातची जाते आहे असं वाटून मी म्हटलं, "घाईत असले की होतात."

"केवढ्या?"

मी चिमटीनं वाटाण्याएवढा आकार दाखवला.

"वरची खोली घे," बाई म्हणाल्या. "आणि घाईतच राहत जा."

बाई एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या होत्या. तरुणपणी लघुचित्रं शिकायला म्हणून जयपूरला आल्या, एका म्हाताऱ्या उस्तादांच्या हाताखाली खारीच्या केसांचा ब्रश धरायला शिकल्या आणि परत जायचं विसरून गेल्या. सुती साडीवर पुरुषांचा ढगळ शर्ट आणि अंबाड्यात खोचलेला ब्रश, असा त्यांचा अवतार असे. अख्खी गल्ली त्यांना मैडमजी म्हणे. मी काकू म्हणायला लागले तर म्हणाल्या, "काका नाही तर काकू कुठून आली? बाई म्हण." लग्न का केलं नाही, असं एकदा मी धीर करून विचारलं. "मले स्वयंपाक येत नव्हता," त्या म्हणाल्या, "आणि ज्याले येत होता असा कोणी सांगून आला नाही."

त्यांची चित्रं पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसू आवरलं नाही, आणि त्यांना ते फार आवडलं. हातानं घोटून गुळगुळीत केलेला कागद, दगड कुटून केलेले रंग, भोवती वेलबुट्टीची चौकट, सगळं जुन्या दरबारी चित्रांसारखं. आत छत्र होतं, गालिचा होता, कारंजं होतं, दोन बाजूंना दोन मोर माना वळवून बघत होते. आणि मधोमध, जिथे राजा बसायचा तिथे, कल्हई उडालेल्या पातेल्यात गुठळ्यांचं पिठलं बसलं होतं. माणूस एकही नाही. दुसऱ्या चित्रात ज्वारीची भाकरी होती, काजळीनं रंगवलेली, मधून चिरलेली, आणि जिथे ती सगळ्यात जास्त करपली होती त्या कडेला खऱ्या सोन्याचा वर्ख. प्रत्येकाखाली सुंदर अक्षरात नाव लिहिलेलं. 'आईचं बेसन, गुठळ्यांसह.' 'आईची भाकर, करपलेली.' 'आईची कढी, फाटल्यावर.' गोळाभातात डाळीच्या वाटणाचे गोळे भातावर वाफवतात. बाईंच्या चित्रात गोळे भातात बेपत्ता झाले होते आणि खाली लिहिलं होतं, 'आईचा गोळाभात, गोळे शोधा.'

"लोक आईच्या हातच्या चवीवर रडून राहिले," बाई म्हणायच्या. "जो तो आईच्या हातचं म्हणून डोळे पुसते. माह्या आईच्या हाताले चवच नव्हती. मग मी काय करू? मले काय बालपण नव्हतं? मले आठवण येत नाही? मले ताप आला की करपलेली भाकरच पाहिजे वाटते."

समोरच्या भिंतीवर आईचा फोटो होता. नर्सच्या पांढऱ्या साडीतली, कपाळावर आठी घातलेली. चित्र पूर्ण झालं की बाई ते फोटोपुढे धरत. "पाह्य. तुह्या भाकरीले सोनं लावलं. आता तरी हास."

चित्रासाठी समोर खरा पदार्थ लागे, आणि तो बरोबर बिघडलेला लागे. सकाळी खालून करपल्याचा वास आला की मी समजायचे, बाई कामाला लागल्या. भाकरी नुसती जाळून चालत नसे. आईची जशी एका अंगानं करपायची तशीच करपायला हवी. मनासारखी होईपर्यंत तव्यावर भाकरी पडत राहत, आणि चुकून एखादी चांगली झाली की बाई ती चिडून मला देत. मांडून ठेवलेला पदार्थ चित्र होईपर्यंत हलवायचा नाही. फाटलेली कढी त्यांनी उन्हाळ्यात इतके दिवस ठेवली की मी खिडकी उघडून बसायला लागले. मुंग्या यायच्या. बाई मुंग्याही चित्रात काढायच्या, ओळीनं, दरबारात निघालेल्या सरदारांसारख्या.

शेजारच्या भाभीजींचा मात्र समज झाला होता की म्हातारीला दिसत नाही, रोज जेवण जळतं आणि बिचारी उपाशी झोपते. त्या डब्यात दाल, बाटी आणि तूप सोडलेला चूरमा पाठवायच्या. मी एकदा बाईंना म्हटलं, अहो, त्यांना खरं सांगून टाका. बाईंनी सांगितलंही. "भाभीजी, मैं भूखी नहीं हूँ, आर्टिस्ट हूँ." भाभीजींनी दुःखानं मान हलवली. दोन्ही एकच आहे, असं त्यांना वाटलं असावं. "पर चूरमा भेजते रहिए," बाई घाईनं म्हणाल्या.

जयपुरातल्या मराठी मंडळींशी त्यांचं एकदाच बिनसलं, पण ते कायमचं. मंडळानं संक्रांतीच्या कार्यक्रमात पाककृती स्पर्धा ठेवली होती. विषय अर्थातच आईच्या हातची चव, आणि परीक्षक म्हणून कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून बाईंचं नाव निघालं. मीही गेले होते. विमा कंपनीतल्या, आयकरातल्या, मेडिकल कॉलेजातल्या झाडून सगळ्या बायका नटूनथटून आल्या होत्या. केळीच्या पानावर मांडलेल्या अळूवड्या, काजू लावलेला मसालेभात, वर केशर. बाई प्रत्येक पानापुढे थांबून चव घेत आणि कुणाच्या मयताला आल्यासारखा चेहरा करत. शेवटी त्यांनी पहिलं बक्षीस एका नव्या नवरीला दिलं. तिची साबुदाण्याची खिचडी एकच गोळा झाली होती; चमचा उभा केला तर उभा राहत होता. ती पोरगी रडायच्या बेतात होती.

"ह्या बाकीच्यांनी मोबाईलमध्ये पाहून केलं," बाई माइकवर म्हणाल्या. "हिच्या पोराले मात्र मोठेपणी हा गोळाच आठवणार. खरी आई हीच."

अध्यक्षीणबाईंनी तिळगूळ वाटायचा थांबवला. त्यानंतर बाईंना निमंत्रण आलं नाही. त्यांनीही वाट पाहिली नाही.

मग प्रदर्शन ठरलं. सी-स्कीममध्ये एक छोटी आर्ट गॅलरी होती. केसांची शेंडी बांधलेला तिचा तरुण मालक एकदा चित्रं पाहायला घरी आला आणि चक्क गुडघ्यावर बसला. त्याला प्रदर्शनाचं नाव 'माँ के हाथ का स्वाद' ठेवायचं होतं.

"माँ के हाथ में स्वाद नहीं था," बाई म्हणाल्या.

त्याचे डोळे चमकले. "मैडम, यही नाम रखते हैं!"

त्या नावानं आमंत्रणं छापली गेली. एका हिंदी पेपरनं बाईंचा फोटो आणि मुलाखत छापली, तीत बाईंनी मन मोकळं केलं होतं: आमच्या आईनं आयुष्यात एक पदार्थ धड केला नाही, आमच्या घराण्याची हीच पाकपरंपरा, आणि मी ती प्राणपणानं जपते आहे. ते कात्रण कुणाकुणाच्या फोनमधून फिरत फिरत अमरावतीला पोचलं. तिथे बाईंची थोरली बहीण राहत होती. तिनं फोनवर फक्त "मी येऊन राहिली" एवढं सांगितलं आणि ठेवून दिला.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्यांना आणायला मी स्टेशनवर गेले. ताई पंचाहत्तरीच्या, बुटक्या, गुडघ्यांना पट्टे बांधलेल्या. कारमध्ये बसल्याबसल्या त्यांनी मला विचारलं, "तूच का ते भाडेकरू? बेबी वेळेवर जेवते का?"

बेबी म्हणजे कोण, हे कळायला मला एक सिग्नल लागला.

घरात शिरल्यावर त्यांनी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. "आईले बदनाम करून राहिली तू? पेपरात?"

"खोटं काय सांगितलं?" बाई म्हणाल्या. "भाकर करपत नव्हती?"

"करपत होती."

"बेसनात गुठळ्या नव्हत्या?"

"होत्या."

"मंग?"

ताईंनी बोलायला तोंड उघडलं, फोटोतल्या आईकडे पाहिलं आणि ते मिटलं. बाईंना वाटलं, आपण जिंकलो. त्या रुबाबात चहा टाकायला गेल्या आणि दूध उतू घालवून आल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गॅलरीत चांगली गर्दी होती. हातात वाइनच्या ग्लासात जलजीरा घेतलेली कलाप्रेमी मंडळी, बाईंच्या जुन्या विद्यार्थिनी, डबा घेऊन आलेल्या भाभीजी. आणि रुसवा बाजूला ठेवून मंडळातल्याही चार बायका, बहुधा काय लाज काढली आहे ते प्रत्यक्ष पाहायला. बाई सगळ्यांना चित्रं समजावत हिंडत होत्या. लोक खळखळून हसत होते. ताई मात्र काठी टेकत एकेका चित्रापुढे जाऊन उभ्या राहत होत्या, खालचं नाव वाचत होत्या आणि पुढे सरकत होत्या. करपलेल्या भाकरीपुढे आल्या आणि तिथून हलेनात.

गॅलरीवाला अदबीनं त्यांच्याजवळ गेला. "आप तो बड़ी बहन हैं. आप भी माँ के खाने के बारे में कुछ बताइए ना."

सगळे वळून पाहू लागले. ताई त्याच्याशी बोलल्याच नाहीत. त्या बहिणीकडे बघून म्हणाल्या, "बेबी, ही भाकर आईची नाही. माही आहे."

"काय?"

"हे बेसनही माहं. ती कढीही. सगळंच माहं आहे, इथून तिथून."

बाई हसल्या. आईची बाजू सावरायला ताई काहीही सांगते आहे, असं त्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं.

"बाबा गेले तेव्हा तू चार वर्षांची होती," ताई म्हणाल्या. "कोणाच्या हातचं खायेच ना. मावशीनं भरवलं तर थुंकली. शेजारणीनं डबा दिला तो पालथा केला. आईच्याच हातचं पाहिजे म्हणून घर डोक्यावर घेतलं. आईले नोकरी लागली होती दवाखान्यात. दिवस उगवायच्या आत जाये अन् दिवे लागल्यावर येये. मंग करणार कोण? मी केलं. दहा वर्षांची होती मी, हातभर होती. आईनं सांगितलं, बेबीले म्हण, आईनं करून ठेवलं. तसं म्हटलं की तू गपगुमान खायची."

गॅलरीत आता कुणी हसत नव्हतं.

"पण सुट्टीच्या दिवशी आई स्वतः बसे चुलीपाशी," बाई म्हणाल्या. "मी पाहिलं आहे. दारातून."

"तुले तिची पाठ दिसे. तू पाहावं म्हणूनच ती दाराकडे पाठ करून बसे. तिच्यापुढे मी असायची. भाकर मीच थापायची."

"सुट्टीच्या दिवशीही? काऊन?"

"अगं, एक दिवस तिनं केलं असतं तर तुले फरक कळला असता. मंग बाकीचे दिवस तू काय खाल्लं असतं?" ताईंनी नाक पुसलं. "म्हणून तिनं करणंच सोडलं. बाबा होते तोपर्यंत तिच्या पुरणपोळीसाठी अख्खी गल्ली यायची. ती बाई माह्या हातच्या काळ्या भाकरी खात राहिली, तुह्यासंगं बसून, छान झाली म्हणत. आणि तू पेपरात लिवते, तिच्या हाताले चव नव्हती."

बाई भाकरीच्या चित्राकडे पाहत उभ्या होत्या. अंबाड्यातला ब्रश काढून त्यांनी हातात घेतला होता आणि त्याचं करायचं काय ते त्यांना सुचत नव्हतं.

"मले तिची पुरणपोळी आठवत नाही," त्या म्हणाल्या.

"कशी आठवेल? चार वर्षांची होती तू."

"आणि इतकी वर्षं सांगितलं नाही?"

"आईनं शपथ घातली होती. अन् तू आवडीनं खायची."

"आवडीनं?" बाईंना एकदम कंठ फुटला. "अगं, घशाखाली उतरत नव्हतं! आईचं म्हणून गिळलं मी ते!" मग अगदी कामाचं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "अजून होतात का तुह्या बेसनात गुठळ्या?"

"आता काऊन होतील? पासष्ट वर्षं झाली करून राहिली मी."

"मंग काय उपयोग तुह्या येण्याचा!"

ताईंनी त्यांच्या पाठीत पर्सचा एक दणका घातला. मग दोघी एकमेकींचा दंड धरून हसायला लागल्या. हसताना ताईंचं रडू सुरू झालं आणि बाई ओरडल्या, "चित्रावर नको, चित्रावर नको, पाण्याचे रंग आहेत!"

गॅलरीवाला माझ्या कानाशी लागून विचारत होता, क्या हुआ, क्या हुआ. मी त्याला थोडक्यात सांगितलं. त्यानं डोळे पुसले, भाभीजींना सांगितलं, भाभीजींनी पुढे सांगितलं, आणि भिंतीच्या टोकाला पोचेपर्यंत त्या गोष्टीत सावत्र आई आली होती.

बाईंनी काळी शाई मागवली. प्रत्येक चित्राखालच्या नावाच्या कार्डावरचा 'आ' खोडला आणि वर 'ता' लिहिलं. ताईचं बेसन, ताईची भाकर, ताईची कढी. एवढं देखणं अक्षर असलेल्या बाईंनी ते इतकं वाकडंतिकडं लिहिलं की बघवेना, पण कार्ड बदलू दिली नाहीत. त्यामुळे पुढचे सगळे दिवस घोटाळा झाला. हिंदीत ताई म्हणजे मोठी चुलती. प्रदर्शन पाहणारी निम्मी माणसं, या घरातल्या ताईजींनी सगळ्यांचा फार छळ केला असं समजून हळहळत घरी गेली. दाराबाहेरचं 'माँ के हाथ में स्वाद नहीं था' मात्र बाईंनी स्वतः उभं राहून उतरवलं. नवं नाव काय लावायचं, असं गॅलरीवाल्यानं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "काही लावू नको. मले अजून माहीत नाही."

ताई दोन दिवसांसाठी आल्या होत्या, त्या होळी होईपर्यंत राहिल्या. रोज सकाळी खालून खमंग फोडणीचा वास येई आणि त्यापाठोपाठ भांडणाचा आवाज. बाईंचं वजन वाढलं, तशी कुरकूरही वाढली. भाभीजींनी डबे पाठवायचे थांबवले, त्याचाही राग त्यांनी ताईंवरच काढला.

त्याच दिवसांत बाईंनी नवं चित्र काढायला घेतलं. ते त्या कुणाला दाखवत नव्हत्या. खोलीचं दार लावून बसत. एका रविवारी दुपारी त्यांनी आम्हा दोघींना हाक मारली.

या चित्रात कारंजं नव्हतं, मोर नव्हते. जुन्या लघुचित्रांत भिंतीच्या आतलं आणि बाहेरचं एकाच वेळी दाखवता येतं. चित्रकार भिंत कापतो आणि कुणाला त्याचं नवल वाटत नाही. बाईंनी तसं एक स्वयंपाकघर कापलं होतं. बाहेर, दाराच्या चौकटीला धरून, एक लहान पोर उभी होती. तिच्यापुढे पांढऱ्या साडीतल्या बाईची पाठ, दारभर. आणि त्या पाठीच्या पलीकडे, बाहेरच्या पोरीला दिसणार नाही अशी, चुलीपुढे एक मुलगी पाटावर बसून भाकरी थापत होती. टपोरे डोळे, लांबसडक वेणी, कानात मोती; एखाद्या राजकन्येसारखी.

ताई चष्मा वरखाली करत चित्र पाहत राहिल्या.

"आईची पाठ अगदी आईची आहे," त्या म्हणाल्या. "ही पोरगी कोण?"

"तू."

"मी अशी होती? मले टायफॉइड झालता त्या वर्षी. डोक्यावर केस नव्हते. आणि मोती कुठले?"

"मले काय माहीत तू कशी होती," बाई चिडून म्हणाल्या. "मले तू दिसतच नव्हती."

ताईंनी पदर कमरेला खोचला, भिंतीशी असलेलं लाकडी स्टूल ओढलं आणि गुडघे सांभाळत खिडकीतल्या उजेडाकडे तोंड करून त्याच्यावर बसल्या. दोन्ही हात भाकरी थापताना धरतात तसे पुढे धरले.

"मंग पाह्य आता नीट," त्या म्हणाल्या.

बाईंनी फडकं ओलं केलं, चित्रातली राजकन्या पुसून टाकली आणि ब्रश उचलला.